आधी दिवा लावा, मग मोजा

गोवा घटक राज्य झाल्याची बातमी रेडिओवर ऐकायला अख्खं इब्रामपूर देवळासमोर जमलं होतं, आणि कर्ण्यासाठी मी मेलेली बॅटरी आणली. वर मीटरचा काटा दाखवून ओरडलो, "पूर्ण बारा व्होल्ट!" तेही कुणापुढे, तर ज्यांच्या मुलीला मला मागणी घालायची होती त्या मास्तरांपुढे.

नुसत्या मीटरवर भुलणाऱ्या माणसाचा मास्तरांइतका तिटकारा सबंध पेडणे तालुक्यात कुणाला नसेल. विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी खिशात टॉर्चचा बल्ब आणि दोन तारा असायच्याच. दुकानदारानं सेल पुढे केला की ते आधी बल्ब पेटवत आणि तो पेटता ठेवूनच व्होल्ट मोजत. "रिकामा बसलेला थकलेला सेलसुद्धा दीड व्होल्ट दाखवतो. काम पडलं की त्याचा आतला रोधच त्याला खातो!" हाच न्याय माणसांना. पाहुण्याला चहाआधी परसातला फणस घरात आणायला लावायचे आणि तोंड किती उतरतं ते न्याहाळायचे. अंगणात त्यांच्या बायकोच्या मिरच्यांशेजारी जुने सेल ऊन खात पडलेले असत. चुकून एखादा आमटीत कसा गेला नाही, देव जाणे.

तर, कर्णा लावला. निवेदक "गोवा" म्हणाला, घोगरा झाला आणि गप्प पडला. मी घाईनं तारा काढून मीटर लावला. काटा पुन्हा बारावर! "बघा, बॅटरी ठीक आहे!"

"झिला," मास्तर म्हणाले, "काम काढून घेतल्यार मी पण पंचवीस वर्षांचो."

सगळं देऊळ हसलं. माझं लग्न तिथेच मोडलं असं मी धरून चाललो. पण मास्तरांनी घरची तितकीच थकलेली बॅटरी आणवली आणि माझ्या बॅटरीच्या शेजारी जोडली, धनाला धन, ऋणाला ऋण. आवाज थरथरत परतला आणि बातमी शेवटपर्यंत टिकली. लोक एकमेकांना मिठ्या मारत असताना मास्तर मला हळूच म्हणाले, "आतला रोध कुणात नसतो? शेजारी जोडलं की भार वाटला जातो. उद्या वडिलांना घेऊन ये."

मास्तर आता नाहीत. त्यांचा बल्ब आमच्या खणात आहे. सेल घ्यायला निघालो की हात आपोआप तिकडे जातो. परवा तो पुसता पुसता मी बायकोला तिच्या वडिलांचं ते ‘शेजारी जोडलं की भार वाटला जातो’ ऐकवलं, जरा गहिवरूनच.

"मग उठा आणि दारातला सिलिंडर आत आणा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून नुसते बारा दाखवताय."