सोडलेल्या ओव्या

वाशिमच्या कॉलेजात मराठी शिकवणारे आमचे सर बाहेरगावचे होते. मराठी कुठून आली, हे सांगताना ते रंगून जात. संस्कृत पंडितांची, आपली भाषा आली ती साध्या माणसांच्या प्राकृतातून. आणि वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, राजधानीचं गाव, इथल्या प्राकृताचा तेव्हा मोठा मान होता म्हणे. ताम्रपट राजांनी कोरून घेतले, पण भाषा सांभाळली जात्यावर गाणाऱ्या बायांनी, असं सांगून त्यांनी विचारलं, जुन्या ओव्या कोणाच्या घरी येतात?

मी हात वर केला. वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, हात वर करायची मला भारी हौस. खरं तर मायला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. पण मावशी सांगायची, पूर्वी तिच्या ओव्या ऐकायला बाया आपलं दळण घेऊन यायच्या.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. सर एसटीनं आमच्या गावी, किन्हीराजाला आले, खांद्याला टेपरेकॉर्डर. आमच्या घरी ते चहा प्यायले, याचंच वस्तीत कौतुक. सर गाणं ऐकायला येणार, एवढंच मी मायला सांगितलं होतं. ती पांढरं लुगडं नेसून बसली आणि हात जोडून तिनं बुद्धवंदना सुरू केली. सरांनी बटण बंद केलं. ही पाली, पुस्तकात मिळते, मला जात्यावरचं जुनं हवंय, असं ते गोड बोलून म्हणाले.

माय माझ्याकडे वळली. "आपुन देव सोडले, त्याईच्यासंगं त्या ओव्या बी सोडल्या. कायले काढाले लावतं?"

मायबापांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. घरातले देव नदीत गेले, हे ठाऊक होतं. मायचं गाणंही गेलं, हे तेव्हा कळलं. तिच्या ओव्या गावच्या देवीच्या होत्या, आणि त्या देवीच्या पायरीवर आम्हाला कोणी उभं केलं नव्हतं. सरांना 'राहू द्या' म्हणायला हवं होतं. मी नुसती मान खाली घातली. मायनं माझं तोंड पाहिलं, उठून दार लावलं आणि जात्यात मूठभर तूर टाकली.

असा आवाज आमच्या घरात होता! मला ते फार आवडलं आणि आवडलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायबापांनी जे जाणूनबुजून टाकलं, त्यावर मी डोलत होते.

सर खूश होऊन गेले. जात्याभोवतीची डाळ गोळा करता करता मायनं माझ्याकडे न बघता विचारलं, "कसा लागला वं तुले माहा आवाज?"

मला वाटलं, ही माझी परीक्षा घेते आहे. मी ठसक्यात म्हटलं, "मले नाई आवडलं."

"वय झालं न आता," ती म्हणाली.

वस्ती नावं ठेवील अशी मला धास्ती होती. पण बंद दाराआडून बायांनी सगळं ऐकलं होतं, आणि बुद्धजयंतीला त्या मायला नवी गाणी म्हणायला ओढू लागल्या. मी तिथंच बसलेली असायची. दरवर्षी ती हसून त्यांचा हात सोडवायची आणि म्हणायची, "माहा आवाज गेला वं बाई. माह्या पोरीले इचारा, तिनं ऐकला हाय."