दार उघडलं तरी मोटर थांबत नाही

वार सोमवार, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला. वेळ सकाळची. जागा शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यातली कॉन्फरन्स रूम. हजर: कंपनीचे मालक मुळे साहेब, डिजिटल एजन्सीची अकाउंट मॅनेजर तन्वी, सर्व्हिस सुपरवायझर अस्लमभाई आणि मी, कस्टमर केअर इन्चार्ज साळवे. अस्लमभाईंना मीटिंगचं बोलावणं नव्हतं. मीच त्यांना आणून माझ्या शेजारी बसवलं होतं.

तन्वी भिंतीवर ग्राफ दाखवत होती. रेघ वर चढत होती.

"सर, आपली कम्युनिटी मस्त वाढतेय. सेंटिमेंट पॉझिटिव्ह आहे. निगेटिव्ह कमेंट जवळपास नाहीतच."

"का नाहीत?" मी विचारलं.

"कारण लोकांना आपला ब्रँड आवडतोय, मॅम."

मी वहीत लिहिलं: "आवडतोय." पुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझी पाळी यायची होती.

आम्ही घरघंट्या बनवतो. स्वयंपाकघरात ठेवायची, विजेवर चालणारी पिठाची गिरणी. वरून धान्य टाकायचं, आत पोलादी पाती गरगर फिरतात, खाली डब्यात पीठ पडतं. समोर एक दार असतं. जाळी बदलायला किंवा आतलं पीठ ब्रशनं झाडायला ते उघडावं लागतं. या दाराला एक छोटा स्विच असतो. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो, तसं इथं दार उघडलं की मोटर बंद पडते. अख्ख्या मशीनमध्ये सगळ्यात स्वस्त पार्ट हाच आणि बाईचा हात वाचवणाराही हाच.

कंपनीचं फेसबुक पेज आधी मी चालवायची. मार्केटिंग मला शिकवलेलं नाही. मी माझे तीन नियम केले होते. आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर. तक्रार असेल तर उत्तर सगळ्यांसमोर, इनबॉक्समध्ये नाही. आणि ज्या बाईची तक्रार मिटली तिला महिन्याने एक फोन, काही विकायला नाही, फक्त विचारायला. दुपारी जेवणं आटोपली की मी लाइव्ह यायची. डाळीचं पीठ कुठल्या जाळीवर, ज्वारी किती वाळवायची, मशीनला किडे का होतात, असलेच विषय. त्यातून व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांचा ग्रुप झाला. बायका एकमेकींना उत्तरं द्यायला लागल्या, मग एकमेकींना मशीन घ्यायला लावायला लागल्या. आमची ऑनलाइन विक्री अशी वाढली. जाहिरातीवर फारसं काही न घालवता.

मग एजन्सी आली. माझा टोन "ऑफिशियल" आहे म्हणाले. पेजचा ॲक्सेस काढून घेतला. लाइव्ह बंद. त्या जागी वाढदिवसाच्या शुभेच्छा, "टॅग करा तुमच्या मैत्रिणीला" आणि गुलाबी अक्षरात सुविचार. याला ते रिलेशनशिप बिल्डिंग म्हणायचे. विक्री होत असेल तर होऊ दे, असं म्हणून मी रेकॉर्डिंगची बटणं दाबून माझ्यापर्यंत पोचतील तेवढ्या फोनवरच्या तक्रारी बघत राहिले.

त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मी बसमध्ये होते. ॲक्सेस नसल्यामुळे मी आमचं पेज आता परक्या माणसासारखं बघते. एका रीलखाली खुलताबादच्या मंदाताईंची कमेंट दिसली. मंदाताई माझ्या जुन्या ग्रुपमधल्या. त्यांनी लिहिलं होतं: "दार उघडलं तरी गरगर फिरायलीय. ब्रश गेला, हात वाचला."

खाली कंपनीचं उत्तर होतं: "थँक्यू ताई. तुमच्या प्रेमामुळेच आमचं कुटुंब मोठं होतंय." पुढे एक फूल आणि दोन हृदयं.

मी ते दोनदा वाचलं. मग पुढच्या स्टॉपवर उतरले आणि अस्लमभाईंना फोन लावला.

अस्लमभाईंचा पहिला जवाब ठरलेला असतो. "मॅडम, ओलं धान्य टाकतात. मग मशीनला नावं ठेवतात. जाने दो, सोमवारी बघू."

"सोमवारी नाही, अस्लमभाई. उद्या सकाळी. गाडी तुमची, डिझेल माझं."

शनिवारी आम्ही खुलताबादला गेलो. मंदाताईंनी मशीनवर जुनं लुगडं टाकून, वर पोळपाट ठेवून ते बंद करून टाकलं होतं. घरातल्या पोरांनी हात लावू नये म्हणून.

"फूल पोचलं बरं का मॅडम," त्या म्हणाल्या. "दोन बदामबी पोचले. ब्रश तेवढा नाय आला."

"ते मी पाठवलं नव्हतं, मंदाताई."

"मंग कोणी? फोन लावला तर बाई म्हणती एक दाबा, दोन दाबा. म्या समदं दाबलं. कोणीच बोलंना. लई भ्याले होते वो त्या दिवशी. म्हणलं, मॅडमनी नोकरी सोडली जणू."

अस्लमभाईंनी मशीन लावलं, लांबून काठीने दार उघडलं. पाती फिरतच होती. त्यांनी प्लग काढला, स्विच खोलला. आतली पिन पिठाने चिकटून बसली होती. दार उघडल्यावर ती बाहेर यायला हवी, ती आतच अडकलेली. म्हणजे मशीनच्या हिशोबाने दार लागलेलंच आहे. धान्य कोरडं होतं. स्विच नव्या सप्लायरचा होता.

गाडीत बसल्यावर अस्लमभाई म्हणाले, "मॅडम, ये पूरे लॉट में होगा." लॉट म्हणजे एकाच वेळी आलेला माल. एका मशीनमध्ये असा स्विच निघाला, तर त्या लॉटच्या सगळ्या मशीनमध्ये तोच बसलेला असतो.

तर, सोमवारची मीटिंग. तन्वीचा ग्राफ संपला. मी विचारलं, "मंदाताईंना फूल कोणी पाठवलं?"

तिला आठवेना. मी कमेंट वाचून दाखवली. ती म्हणाली, "टीमने टेम्प्लेट वापरलं असेल, मॅम. शंभरात एखादं असं होतं."

"ठीक. आता हिडन कमेंट उघड."

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: पेज चालवणाऱ्याला शब्दांची एक यादी देता येते. त्यातला शब्द असलेली कमेंट आपोआप लपते. लिहिणाऱ्या बाईला ती दिसत राहते. तिला वाटतं, कंपनीने वाचली. जगाला मात्र ती दिसत नाही, आणि इथे तर कंपनीतलंही कोणी बघत नव्हतं.

तन्वीने मुळे साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "दाखवा ना, त्यात काय."

तिने उघडलं. यादीत शब्द होते खराब, बंद, धोका, फसवणूक, रिटर्न, वगैरे. आणि खाली कमेंट. मोटर बंद होत नाही. दार उघडल्यावर बंद पडत नाही, धोका आहे. सासूबाईंच्या पदराचं टोक आत गेलं, मशीन खराब आहे का? बायका सरळ, शुद्ध मराठीत लिहीत होत्या आणि त्यांचं लिहिणं आम्ही केर लोटावा तसं कपाटाखाली लोटत होतो. मंदाताईंची कमेंट सुटली ती एवढ्याचसाठी की यादीतला एकही शब्द त्यात नव्हता.

"हे मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मॅम, ब्रीफमध्ये होतं, पेज पॉझिटिव्ह ठेवायचं."

"ब्रीफ कोणाचं? ही सूचना दिली कोणी?"

मुळे साहेबांनी चष्मा पुसला.

मी वहीत लिहून आणलेली, लगेच करायची कामं वाचून दाखवली. एक, आजच पेजवर लिहायचं की या लॉटचं मशीन वापरू नका. दोन, सगळ्या गिऱ्हाइकांना फोन. तीन, स्विच घरी जाऊन बदलून द्यायचे, फुकट.

"साळवे मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण टायमिंग बघा. दिवाळीच्या तोंडावर आपणच पेजवर लिहायचं की आमचं मशीन धोक्याचं आहे? आत्तापर्यंत कोणाला लागलेलं नाही. दिवाळी होऊ द्या. मग एकेकाला हळूच बोलावून बदलून देऊ."

"दिवाळीतच बायका सगळ्यात जास्त दळतात, साहेब. चकल्यांची भाजणी आहे, अनारसे आहेत, बेसन आहे."

"मला दिवाळीचं सांगू नका हो."

तेव्हा अस्लमभाई खाकरले. "साहेब, वहिनींकडचं मशीन पण ह्याच लॉटचं आहे. गणपतीत मीच बसवून दिलं."

मुळे साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. उठून उभे राहिले. "हॅलो, कोण, मावशी? हिला दे. नाही, आधी ऐक. घरघंटीचा प्लग काढ. आत्ता काढ. दार कोणी उघडायचं नाही. भाजणी बाहेरून दळून आणा. नंतर सांगतो."

ते खाली बसले.

मी उठून पांढऱ्या बोर्डवर लिहिलं: "मुळे साहेबांचं घर. कळवलं." पुढे टिक केली. मग त्याच्या खाली मार्कर टेकवून विचारलं, "साहेब, पुढचं नाव कोणाचं घेऊ?"

एका घराला कळवायला त्यांना उठून उभं राहण्याइतका वेळ लागला. बाकीच्या घरांसाठी दिवाळीनंतर. असं कसं चालेल, हे मी तेव्हा बोलले नाही. आता लिहिते.

साहेबांनी बोर्डकडे बघितलं. "लिहा," म्हणाले. "पण नीट लिहा."

नीट म्हणजे काय, यावरून पुन्हा तासभर वाद. तन्वीच्या पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं "एक छोटीशी अपडेट." मी ते खोडलं. या लॉटच्या मशीनला मागे पिवळा स्टिकर होता, म्हणून शेवटी गेलं ते असं: "मशीनच्या मागे पिवळा स्टिकर असेल तर मशीन वापरू नका. प्लग काढा. दार उघडू नका. आमची चूक आहे. आमचा माणूस घरी येऊन स्विच बदलून देईल." मी लाइव्ह आले आणि पिवळा स्टिकर कुठे असतो ते दाखवलं. कॅमेरा तन्वीने धरला. त्यानंतर तिने शब्दांची यादी पुसली, आपणहून, आणि दिवाळीच्या दिवसांत माझ्या शेजारी बसून फोनही लावले. हे तिच्या नावावर लिहायला हवं.

ग्रुपवर बायकांनी मला सोडलं नाही. "मॅडम, इतके दिवस कुठं होतात?" "फुलं पाठवायला होतात होय?" "माझ्या जावेला मी घ्यायला लावलं, आता ती मला बोलायली, तिला तुम्हीच फोन करा." मी केला. ऑर्डरी रद्द झाल्या, त्याही बऱ्याच.

खरी अडचण पुढे होती. बऱ्याचदा ज्याच्या नावावर मशीन, त्याच्या घरी मशीन नव्हतंच. आपल्याकडे घरघंटी लेकीला आंदणात देतात. वॉरंटी कार्डवर बापाचं नाव, भावाचा नंबर. दळणारी बाई तिसऱ्याच गावात, तिचा नंबर आमच्याकडे नाही. इथं ग्रुप कामी आला. "ह्या काकांची मुलगी आमच्या गल्लीत दिलीय." "थांबा, मी जाऊन प्लग काढून येते." मंदाताईंनी खुलताबाद आणि आजूबाजूच्या खेड्यांतली मशीन स्वतः जाऊन बघितली. कुठलंही सॉफ्टवेअर हे करत नाही. त्या बायका कंपनीसाठी पळत नव्हत्या, एकमेकींसाठी पळत होत्या. आम्ही फक्त त्यांच्या मधे यायचं थांबवलं.

अस्लमभाईंच्या माणसांनी एकेक करत स्विच बदलले. कोणाचाही हात गेला नाही. हे आमचं कर्तृत्व नाही, नशीब आहे. साहेबांनी नंतर सप्लायर बदलला आणि पेज माझ्याकडे परत दिलं. विक्री हळूहळू पूर्वीसारखी झाली. कॉन्फरन्समध्ये ते आता हा किस्सा "ट्रान्सपरन्सी" म्हणून सांगतात. मी ऐकते. माझ्या मते यातून शिकायचं एवढंच: कमेंट लपवली म्हणून मोटर थांबत नाही.

कळवायच्या घरांची यादी मात्र पूर्ण झालेली नाही. एक ओळ शिल्लक आहे.

ते मशीन पुंडलिकनगरच्या एका गृहस्थांनी बहिणीच्या लग्नात दिलं होतं. मी फोन केला, सगळं समजावलं, बहिणीचा नंबर मागितला.

"नंबर नाही माझ्याकडं. डिलीट केला."

"का?"

"हक्कसोडपत्रावर सही केली नाही तिनं. वडिलांच्या जमिनीत हिस्सा पाहिजे तिला. आता तिचं ती बघंल."

"दादा, मला जमिनीचं काही नको. फक्त गावाचं नाव सांगा. किंवा तुम्हीच निरोप द्या, प्लग काढून ठेव म्हणून."

"आम्ही बोलत नाही."

"तिचा हात जाईल हो."

"तुमचं मशीन आहे, मॅडम. तुम्ही बघा."

मी घरी गेले. त्यांनी लोखंडी जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच बोलले. त्यांची बायको मागे उभी होती, तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांनी मान वळवून बघितल्यावर मिटलं. भाऊबीजेला मी पुन्हा फोन केला. म्हटलं, आजच्या दिवशी तरी. उचलला नाही. ग्रुपमधल्या बायकांनीही खूप शोधलं. बहिणीचं नाव माहीत नाही, सासर माहीत नाही. शोधायचं कुठून?

म्हणून हे इथं लिहिते आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी पिवळ्या स्टिकरची घरघंटी असेल, भावाने लग्नात दिलेली, आणि तो भाऊ आता बोलत नसेल, तर तिचा प्लग काढा. दार उघडू नका. मशीनवर कंपनीचा नंबर आहे, त्यावर फोन करा आणि साळवे मॅडमला द्या म्हणून सांगा. आता तिथं माणूस बोलतो.