भोंगा ट्वायलाच्या हातात

ट्वायला हनाटिकच्या बसमध्ये मागच्या बाकावर कोण कोणाची टोपी पळवतंय, हे तिला आरशात न बघताही कळतं, असं लॉर्नडेलची पोरं म्हणत. सकाळी ती शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी त्याच पोरांना बर्फावर उभं राहायला, पडायला आणि पडून उठायला शिकवायची. बसमध्ये ती ट्वायला, रिंकवर कोच. पोरांची यात कधी गल्लत झाली नाही. मोठ्यांची व्हायची.

आज हंगामातला शेवटचा शनिवार होता. लॉर्नडेलच्या रिंकला बर्फ गोठवणारं यंत्र नाही. कॅनडातल्या सास्कॅचेवानची थंडी फुकट मिळते तोवर बर्फ, ती सरली की हॉकी संपली. यंदा मार्चमध्येच ऊन पत्र्यावर चटचट वाजायला लागलं होतं आणि दक्षिणेकडच्या कडेला पाणी साचत होतं. सकाळी ओटची लापशी चमच्यानं नुसती फिरवत मार्ली म्हणाली होती, "आई, आज नाही झाला तर मग एकदम डिसेंबरातच ना?"

काय झाला नाही, हे विचारायची गरज नव्हती. लीगमधल्या प्रत्येक पोरानं या हिवाळ्यात निदान एक गोल केला होता. ज्याला उजवा-डावा स्केट ओळखता येत नव्हता त्यानंसुद्धा. राहिली होती फक्त कोचची पोरगी.

"आज होईल," असं ट्वायलाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं लापशीत साखर घातली.

ही लीग तिनंच उभी केली होती. मार्लीच्या वयाची असताना ती गावच्या संघातली एकुलती एक मुलगी होती. तेव्हाच्या कोचला सामने जिंकायचे होते, आणि त्याचा स्वतःचा मुलगा चांगला खेळायचा. तो मुलगा बर्फावर आणि ट्वायला बाकावर, असा सगळा हिवाळा गेला. पायांची बोटं इतकी बधिर व्हायची की घरी परतल्यावर तिची आई ती मांडीवर घेऊन चोळत बसे. पुढे स्वतःची पोरगी स्केट घालायला लागली तेव्हा ट्वायलानं गावाला सांगून टाकलं, दहा वर्षांखालच्यांचा खेळ मी सांगेन तसा होणार.

तो असा. रिंकचे फोमच्या लांब ओंडक्यांनी आडवे दोन तुकडे करायचे, म्हणजे छोट्या पायांना छोटं मैदान. दर दीड मिनिटानं भोंगा वाजणार. भोंगा वाजला की काळी रबरी चकती असेल तिथे सोडायची, बाहेर यायचं, आणि पुढच्या पाच जणांनी आत जायचं. गोलच्या तोंडाशी एकटे असाल तरीही. गोलकीपरचे भलेमोठे पॅड प्रत्येकानं आळीपाळीनं बांधायचे. आणि गोल कोणी मोजायचे नाहीत. गुणफलकावर तिनं एक जुनी गोधडी टाकून ठेवली होती.

"किती झाले?" तिच्या बाबांनी विचारलं. सगळं गाव त्यांना गीदो म्हणायचं, म्हणजे आजोबा. मांडीवर घोंगडी, हातात कोबीच्या पानांत भात भरलेल्या गुंडाळ्यांचा डबा, आणि नजर चकतीवर.

"बाबा, इथे मोजत नाहीत."

"गोधडी टाकली म्हणून मोजणं थांबतं होय? पाच-तीन. हा गार्नेट बोटांवर मोजतोय आणि मी त्याची बोटं बघतोय."

पलीकडे बसलेल्या गार्नेटनं घाईघाईनं हातमोजा चढवला. तो थेओचा बाप, आणि आज पॅड थेओच्या पायांना होते. "अगं ट्वायला, पुढच्या वर्षी तरी खरा सामना लाव ना. माझ्या पोराला जिंकणं काय असतं ते कळायला नको?"

"थेओला उलटं स्केटिंग जमतं का आता?"

"जमतं काय! घरातही उलटाच चालतो. बायकोच्या दोन कुंड्या फुटल्या."

"मग झालं तर," ट्वायला म्हणाली आणि स्टॉपवॉच घेऊन काचेच्या खोपटात शिरली. भोंग्याचं बटण तिथे होतं.

मार्लीची खेप आली. एरवी ही पोरगी चकती मिळाली की निखारा हाती आल्यासारखी दुसऱ्याकडे ढकलून द्यायची. आज मात्र तिनं मधल्या गर्दीतून स्टिक घातली, चकती ओढली, वळली, आणि पुढे कोणीच नव्हतं! नुसता बर्फ आणि टोकाला पॅडमध्ये बुडालेला थेओ. गीदो उभे राहिले. घोंगडी खाली पडली.

"जा! पळ पोरी, पळ!"

ट्वायलानं घड्याळाकडे बघितलं. वेळ झाली होती. अंगठा बटणावर होता.

तिनं तो दाबला नाही.

दोनच क्षण, ती मनाशी म्हणाली. एवढे तर होतातच कधीकधी.

आणि मार्ली थांबली. स्केट आडवे घालून, बर्फाचा भुगा उडवत, गोलपासून हातभर अंतरावर. चकती तिथेच सोडली आणि बाकाकडे वळली. तिच्या मागे बाकीचेही निघाले, आणि पुढचे पाच जण तर दारात उभेच होते. अख्खा हिवाळा तेच केलेलं. वेळ त्यांच्या पायांत मुरली होती. मार्ली काचेशी आली. "कोच! भोंगा बिघडलाय!"

सगळ्यांच्या माना खोपटाकडे वळल्या. मग गार्नेटचा आवाज आला, "भोंगा ठणठणीत आहे गं पोरी, भोंगेवाली बिघडलीये!"

लोक खो खो हसले. ट्वायला कानापर्यंत लाल झाली. त्या जुन्या कोचनं आपल्या मुलासाठी जे केलं तेच आपण आज केलं, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. ती खोपटातून बाहेर आली आणि स्टॉपवॉच गार्नेटच्या हातात कोंबलं.

"घे. तुला मोजायची हौस आहे ना, हे मोज. कोणासाठी थांबू नकोस. माझ्या पोरीसाठी तर मुळीच नाही."

"आणि थेओसाठी?"

"गार्नेट!"

"जातो, जातो."

ती बाकामागे जाऊन उभी राहिली. मार्लीनं मान वर केली. हेल्मेटच्या जाळीतून दोन डोळे तेवढे दिसत होते.

"आई, तू मुद्दाम नाही वाजवलास?"

"हो."

"वेडीच आहेस," मार्ली म्हणाली, आणि बाटली जाळीत घालून घटाघटा पाणी प्यायली. "वेळ झाली की चकती सोडायचीच ना."

ट्वायलानं बाटली तिच्या हातातून घेऊन झाकण लावलं.

मार्लीची शेवटची खेप. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात तिघं एकमेकांवर कोसळले, त्यात सगळ्यात खाली मार्ली. पण ती चिखलातून निघावी तशी ढिगाऱ्यातून निघाली, चकतीसकट! थेओच्या समोर आली आणि चकती साचलेल्या पाण्यात रुतून बसली. ढकलली तर हलेना. उचलूनच मारायला हवी, आणि ते मार्लीला कधीच जमलेलं नव्हतं. सरावात गराजचं दार तिनं हिवाळाभर चकतीनं खालच्या बाजूलाच बडवलं होतं.

"आता, आता!" गीदो ओरडत होते. गार्नेटचा डोळा घड्याळावर, तोंड उघडं.

मार्लीनं गुडघे वाकवले. मनगट वळलं. पाण्याचा फवारा उडाला आणि त्यातून चकती वर आली, हवेत, गरगरत! थेओ डोळे मिटून मटकन खाली बसला. चकती त्याच्या हेल्मेटवर टणकन आपटली आणि बाहेर पडली.

भोंगा वाजला. अगदी वेळेवर.

गीदो हळूच खाली बसले. ट्वायलानं दार उघडलं आणि हात पुढे केले. रडणाऱ्या पोराला कसं धरायचं ते तिला ठाऊक होतं.

"उडाली!" मार्ली किंचाळत आली. "आई, उडाली! तू बघितलीस? हवेत! वर!"

"माझ्या डोक्याला लागली!" मागून थेओ ओरडत होता, तिच्याइतकाच खूश. "थेट डोक्याला! बाबा, बघितलंत ना?"

आत जायला निघालेले पाच जण, बाहेर आलेले पाच जण, सगळे त्या डबक्यापाशी जमले. मला दाखव, आधी मला, स्टिक कशी धरलीस, सरक ना रे. भोंगा पुन्हा वाजला; कोणी हललं नाही. ट्वायला बुटांनीच घसरत त्यांच्यात गेली, पाण्यात गुडघा टेकला आणि चकती मार्लीच्या स्टिकपुढे ठेवली.

"मनगट कसं वळवलंस? सगळ्यांना दाखव. सावकाश."

मार्लीला सावकाश काही जमणार नव्हतं. पहिलाच फवारा तिच्या आईच्या तोंडावर उडाला.