वहिनींसाठी बांधलेली खोली

सलोमीवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगल्यात कुठल्या खोलीत पंखा चालू राहिलाय ते शोधत हिंडत होते. मुलं मुंबईला, नातवंडं सुट्टीपुरती. उरलो आम्ही दोघं, त्यातले हे झोपलेले. बातमी ऐकून जिन्यातच बसले. रडू आलं नाही, नुसता थकवा आला... तो अजून उतरलेला नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नाशकात शरणपुरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या दोन खोल्यांत आम्ही एका चुलीवर संसार केला. दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. माझी मुलं त्यांनीच वाढवली. सत्तर सालानंतर ह्यांनी ओझरकडे द्राक्षबाग लावली, आणि ती अशी धरली की माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. चांगली पस्तिशीची बाई मी, पण रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर अशी बसायची, जणू अब्राहामाची सून. शास्त्रातले श्रीमंत मला तोंडपाठ. अब्राहामाची गुरंढोरं, शलमोनाचं सोनं, ईयोबाला दुप्पट परत मिळालं ते. "देव प्रसन्न असला की देतो," मी भाकरी थापता थापता ऐकवायची. वहिनी कांदा चिरत म्हणायच्या, "आणि तो श्रीमंत तरुण? प्रभूनं सगळं विकून ये म्हटल्यावर तोंड पाडून गेला, तो कुठल्या पानावर गं?"

"ते त्याला सांगितलं, मला नाही."

"बरं झालं. तू घासाघीस केली असतीस."

कापणीच्या सणाला पहिलं फळ देवळात द्यायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा, आणि घेणाऱ्यानं बहुधा ते परत मेजावर ठेवायचं, म्हणजे पुन्हा बोली, देवळाला पुन्हा पैसे. एका वर्षी मी आमच्या द्राक्षांची पाटी ठेवली. एकलहऱ्याला वीजकेंद्राची कंत्राटं घेणाऱ्याच्या बायकोनं बोली चढवली, तशी मीही चढवत गेले... आमच्याच द्राक्षांवर! जिंकले, आणि परत ठेवायची सोडून पाटी कमरेवर घेऊन, जरीचा पदर सावरत अख्ख्या शरणपुरातून मिरवत घरी आणली. वहिनी दारातच होत्या. "लीले, देवाला आंबट लागली का?"

मग गंगापूर रोडला बंगला झाला. खालची, बागेकडची खोली वहिनींसाठी बांधली. त्या येणार नाहीत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या "नाही" म्हणाल्या तेव्हा मी भडकले. "श्रीमंती पाप आहे का, वहिनी?"

"कोण म्हणतं? पण मी देवाकडे बेताचंच मागते. फार दिलं तर त्याला विसरेन, उपाशी ठेवलं तर हात चलाखी करतील. हेही शास्त्रातच आहे, तू न उघडलेल्या पानांत. आणि तुझ्या फाटकाला कडी आहे गं. माझ्याकडे माणसं हाक न मारता आत येतात."

मी दर नाताळला विचारत राहिले. त्या यायच्या, जेवायच्या, अंधार पडायच्या आत रिक्षा मागवायच्या. त्या खोलीतली चादर मी बदलत राहिले. श्रीमंत स्वर्गात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, ह्या वचनावरून मीच त्यांना चिडवायची, "बघा, उंटीण आली न्यायला!" त्या हसायच्या, पण हलायच्या नाहीत. शेवटच्या आजारातही म्हटलं, आता तरी चला. म्हणाल्या, "आता ज्याच्याकडे चाललेय, त्याच्याकडे खोल्या पुष्कळ आहेत म्हणतात."

गेल्या आठवड्यात इथे शरणपुरात त्यांचं घर आवरायला आले. काही आवरलं नाही; त्यांच्या खाटेवर पडून राहिले. संध्याकाळी ह्यांना निरोप धाडला, आज येत नाही. दुसऱ्या दिवशीही तोच. ह्यांचा उलट निरोप आला, "तिकडेच राहणार का?" अजून उत्तर दिलेलं नाही.

काल दुपारी एकटीपुरता चहा करावा म्हणून लहान पातेलं शोधलं. फळी पाहिली, खाटेखाली पाहिलं, शेवटी शेजारणीला विचारलं. ती न विचारता आत येऊन बसली होतीच, तिच्यामागे आणखी दोघी. "लहान?" ती म्हणाली. "सलोमीबाईंकडे लहान पातेलं नव्हतंच कधी."

मी मोठं पातेलं भरून पाणी ठेवलं.