पिळलेली सोलं

गिरणी संपाच्या वर्षी मी सोलकढी काढून झालेली, पिळून वाळवलेली कोकमाची सोलं तपासली आणि कोकमात काही दम नसतो, असं जाहीर केलं. आमच्या मालवणी चाळीत हे जाहीर करायला जी छाती लागते, ती माझ्यात कुठून आली कोण जाणे. बहुतेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातून आली असावी.

गिरणीचं गेट बंद, वडील गॅलरीत बसलेले, घरात पगार नाही. अशात आमच्या सरांनी मला बाजूला घेतलं. शिवडीला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मदतनीस हवा होता. "प्रोजेक्ट नीट कर, मी शब्द टाकतो," सर म्हणाले. माझा प्रोजेक्ट कोकमावर होता. त्याच्या लाल रंगात शरीराला चांगलं असं काहीतरी असतं म्हणतात. तो रंग काढून मोजायचा, एवढंच काम. पण पुस्तकातल्या पद्धतीला कोकमाचा ढीग आणि अल्कोहोलच्या बाटल्या लागत. ढीग आमच्याकडे नव्हता आणि बाटल्या कॉलेज देत नव्हतं. म्हणून मी सगळा कारभार एका सोलावर आणला. खलात कुटायचं, किंचित आंबट केलेलं चमचाभर अल्कोहोल घालायचं, कापसातून परीक्षानळीत गाळायचं आणि रंग किती गडद ते यंत्रावर बघायचं. या काटकसरीवर मी इतका खूश होतो की सोलं कुठली, हे बघायला विसरलो.

सोलं मी सगळ्यांत वरच्या फळीवरच्या बरणीतून उचलली होती. आई चांगली वस्तू उंचावर ठेवते, हे बेसनाच्या लाडवांपासूनचं माझं ज्ञान.

नळीत आलं फिकट गुलाबी पाणी. मी रात्री जेवताना भाषण ठोकलं, "कोकमाचं उगाच कौतुक आहे. शास्त्र काही वेगळंच सांगतं." आईने कढीची वाटी माझ्यासमोरून उचलली आणि वडिलांपुढे ठेवली.

सरांनी नळी उजेडात धरली. "अरे, यापेक्षा आमच्या कॅन्टीनचा चहा लाल असतो! पुन्हा कर. असलं घेऊन मी कोणाकडे शब्द टाकणार?"

नोकरी हातची जाते की काय, या भीतीने मी घरी आल्याआल्या आईला सोलांबद्दल विचारलं.

"खंयच्या बरणीतली घेतलंस?"

"वरच्या."

"मेल्या, ती पिळलली सोलां! संप झाल्यापासून कढी काढून परत सुकयतंय, मगे आमटीक घालतंय."

"मग चांगली?"

"खाली, तांदळाच्या डब्यामागे. तुझो हात सदा वरच जाता म्हणान."

वडील बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले. मी रुसायच्या बेतात होतो, पण त्यांचं हसणं थांबेना, मग मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बरण्यांतलं एकेक सोल घेऊन कॉलेजात गेलो. चांगल्याची नळी डाळिंबासारखी लाल झाली, पिळलेल्याची पुन्हा तशीच फिकट. यंत्राचा काटाही तेच सांगत होता. सर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बाजारात कोणी पिळलेलं कोकम नवं म्हणून विकलं, तर एका सोलावरून कळेल?"

"कळेल, सर," मी म्हणालो. जणू पहिल्यापासून तेच शोधायला निघालो होतो.

सरांनी शब्द टाकला आणि शिवडीच्या त्या प्रयोगशाळेने मला घेतलं. पेढे घेऊन घरी पोचलो, तेव्हा दारात शेजारची काकू उभी होती. "झिलाक नोकरी गावली? कसली गो?" तिने आईला विचारलं.

आईने पेढा तिच्या हातावर ठेवला. "बाजारातली भेसळ धरूची. घरातली बरणी वळखूक येणा नाय ह्येका!"