टिबुकलीची अंडी आणि माझा पंप

उभ्या डिचोली तालुक्यात पाणपक्ष्यांच्या बाळंतपणाची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा सासरा निघाला. लाटंबार्से गावच्या डोंगरावर एक तळं आहे. चहात पाव बुडवून खाल्ला की हे काका रोज सकाळी तिथं चढत. काठावर खोकलासुद्धा दाबून धरत. एकदा शिंक आली, तर पन्नास पावलं मागे पळत जाऊन काजूच्या झाडाआड शिंकून आले. पाणमांजरानं खाऊन टाकलेल्या माशाची खवलं ते रुमालात बांधून आणत आणि भाकऱ्या थापणाऱ्या माझ्या बहिणीपुढे कौतुकानं उघडत. ती बिचारी "बरीच मोठी आहेत हो," म्हणायची.

आमचं वेगळं राज्य नुकतंच झालं होतं, तरी राजभाषा मराठी की कोंकणी यावरून गावात दोन तट होते. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर झालं: उन्हाळ्यात तळं उपसून मासे काढायचे. डिझेलचा पंप माझा, सावंतवाडीहून टेम्पोत घालून आणलेला. आदल्या दिवशी काकांनी मला हाताला धरून काठावर नेलं. पाण्यावर कुजक्या गवताचा एक ढीग तरंगत होता. आमची चाहूल लागताच त्यावरच्या टिबुकलीनं चोचीनं गवत ओढून अंडी झाकली आणि बुडी मारली.

"पाणी गेला की घरटा चिखलात बसतला, मगे कोल्हो येतलो," काका हळूच म्हणाले. "तुझो पंप थांबतलो रे बाब. अंडी थांबाची नाय."

मी पंप लावणार नाही म्हटलं. गाव माझ्यावर भडकलं. मग काकांनी एकच विनंती दोनदा लिहिली, एकदा मराठीत, एकदा कोंकणीत, आणि दोन्ही तटांची दारं पुजली. कोंकणीत एक ओळ जास्त आहे म्हणून मराठीवाले रुसले. ती ओळ 'उपकार जातले' एवढीच होती. काकांनी ओट्यावर बसून तिथंच 'उपकार होतील' असं लिहून दिलं. तीन आठवड्यांची मुदत मिळाली.

मुदत संपायच्या आत पिल्लं निघाली. ठरल्या सकाळी टोपल्या घेऊन आलेली माणसं आईच्या पाठीवर बसून फिरणारी ती पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं बघत उभी राहिली, आणि पंपाचं नाव कुणी काढलं नाही. काका माझ्याकडे वळले, हात जोडून आभार मानत म्हणाले, "देव बरें करूं."

काका आता नाहीत. खरं तर त्या सकाळी हात मी जोडायला हवे होते. ते राहूनच गेलं.