आबांची रिक्षा आणि आम्ही

शाळा सुटली की फाटकाबाहेर सगळे रिक्षावाले पोरांच्या नावानं ओरडायचे. आमचे आबा ओरडायचे नाहीत. रिक्षाला टेकून, जीभ टाळूला लावून ते 'टर्र्र, हा हा हा' असा आवाज काढायचे, आणि त्या गोंगाटातून नेमकी त्यांचीच पोरं एकामागून एक बाहेर यायची. तो आवाज मेंढरं गोळा करण्याचा आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा कुणालाही राग आला नाही.

आबा खुलताबादकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली आपण आईच्या झोळीत होतो, एवढीच त्यांच्या वयाची खूण. तरुणपणी शहरात आले, आधी हमाली केली, मग भाड्याची रिक्षा चालवली, मग स्वतःची घेतली. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतली पोरं शाळेत न्यायची आणि परत आणायची, हे काम त्यांनी धरलं ते धरलंच. तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. त्याला नाव असतं, पण ते रेशन कार्डापुरतं. आम्ही आबाच म्हणायचो.

आमच्या आईची पिठाची गिरणी होती. माझ्या गणवेशावर नेहमी पीठ उडालेलं असे, म्हणून आबा मला 'पिठूबाय' म्हणायचे. मी आणि शेजारचा शकील, आम्ही दोघं रोज भांडायचो. भांडणाऱ्या पोरांना आबा पुढं, आपल्या दोन्ही अंगांना बसवायचे आणि रिक्षा सुरू करायचे. भांडण त्यांच्या पोटावरून पलीकडं पोचेपर्यंत विरून जायचं. माझी आणि शकीलची निम्मी प्राथमिक शाळा अशी आबांच्या दोन बाजूंना झाली.

घरासमोर सोडलं तरी त्यांची रिक्षा लगेच हलायची नाही. दार उघडून आतलं माणूस दिसेपर्यंत ते इंजिन चालू ठेवून थांबायचे. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, शिव्याही द्यायचे. आबा मागं वळून शांतपणे सांगायचे, "दार उघडल्याबिगर मेंढरू सोडायचं नाय."

एकदा मात्र त्यांनी आम्हाला घरी पोचवायला फार उशीर केला. वाटेतल्या मोकळ्या मैदानात मेंढपाळांचा तळ पडला होता. त्यांतला एक म्हातारा आबांच्या ओळखीचा निघाला. झालं. रिक्षा बाजूला लागली आणि थोड्याच वेळात आमच्या प्रत्येकाच्या मांडीवर एकेक कोकरू आलं. शकीलचं कोकरू त्याची टाय चघळत होतं. इकडं सगळ्या आया रस्त्यावर येऊन उभ्या. आबांनी प्रत्येक दारात जाऊन चूक कबूल केली. आमच्या आईनं त्यांना बरंच सुनावलं. तिचं झाल्यावर ते म्हणाले, "व्हय, माझं चुकलं. पण पोर लई हसली आज, वहिनी." 

मी मोठी झाले. लग्न होऊन सासरी गेले, म्हणजे पलीकडच्या गल्लीत गेले. माझ्या मुलीच्या बारशाला आबा आले. पाळण्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "शाळंत कवा घालायची? जागा धरून ठेवतो." त्यांनी खरंच जागा ठेवली. तोवर त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, आणि घरची परिस्थिती अशी की थांबायची सोय नव्हती. एकुलत्या मुलाची बोटं कारखान्यात मशीनखाली गेलेली. तो जमेल ते काम करायचा. नात नर्सिंग शिकत होती. रिक्षाचं चाक फिरलं तर घर चालायचं.

एका संध्याकाळी आबा गिरणीवर आले. एरवी आल्याबरोबर स्टुलावर बसायचे, त्या दिवशी बसले नाहीत. मला म्हणाले, "पिठूबाय, पोरीसाठी दुसरी रिक्षा बघ."

सकाळी उजव्या अंगानं एक मोटरसायकल गेली, ती जवळून निघून गेल्यावरच त्यांना दिसली होती. काही झालं नव्हतं. पोरांना नीट शाळेत सोडून ते तसेच डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकावी म्हणून आयुष्यभर थेंब घालायचे. हे त्यांनी आम्हाला एखाद्या तिऱ्हाइताचं सांगावं तसं सांगितलं. अजून कुणालाच कळलं नव्हतं. आणखी वर्षभर लपवता आलं असतं. पण ते दारोदार सांगत निघाले होते.

आईनं विचारलं, आता पुढं काय करणार. गाड्या धुण्याच्या ठिकाणी माणूस हवा आहे, म्हणाले. या गुडघ्यांनी कसं जमेल, असं आईनं विचारल्यावर हसले. "बसून बी धुता येत्यात की." आणि पुढच्या घराकडं गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर सगळे पालक जमले. वर्गणी काढू, असं बहुतेकांचं मत पडलं. आईनं नको म्हणून सांगितलं. दर उन्हाळ्यात ती मे महिन्याचं भाडं आबांच्या हातात ठेवायची, आणि दर उन्हाळ्यात ते परत यायचं. चाक फिरलं नाही तर पैसा कसला, हे त्यांचं ठरलेलं होतं. अशा माणसाला पाकीट दिलं तर तो उद्यापासून आपल्या गल्लीत पाऊलही टाकणार नाही, असं आई म्हणाली. 

शकील कठड्यावर बसला होता. आता तोही रिक्षा चालवायचा, रेल्वे स्टेशनच्या बाजूला. तो म्हणाला, "आबांची रिक्षा मैं चलाता. सकाळची फेरी, दुपारची फेरी. बाकीचा दिवस अपना. पोरांचं भाडं आबांचं."

आबांना हे सांगायला आई आणि मी गेलो. त्यांनी साफ नकार दिला. माझ्यापायी शकीलच्या पोटावर पाय कशाला, असं म्हणाले. शेवटी पोरांसाठी दुसरी रिक्षा मिळेपर्यंतच, अशा बोलीवर त्यांनी किल्ली दिली.

शकीलचा पहिला दिवस आमच्या गल्लीत अजून सांगितला जातो. सकाळ बरी गेली. दुपारी शाळा सुटली आणि तो नावं घेऊन ओरडायला लागला. पोरं आवाजाची वाट बघत फाटकाच्या आतच उभी. मग शकीलनं तो मेंढरांचा आवाज काढून बघितला, तर रस्त्यावरचा ट्रॅफिक हवालदार दचकून वळला. एक मुलगा भलत्याच रिक्षात बसून पैठण गेटला पोचला. एकाला त्यानं घरासमोर सोडलं, पण घराला कुलूप होतं. पोरगं पायरीवर रडत बसलं. तासाभरात सगळे फोन वाजायला लागले.

शकील रिक्षा घेऊन थेट आबांच्या घरी गेला. माझी मुलगी अजून मागं बसलेली होती, त्यामुळं पुढचं तिच्याकडून कळलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. कुलपाच्या घराशी आल्यावर मात्र ते उठून उभे राहिले.

"दार उघडलं का, ते बघितलं नाय?"

"नाही बघितलं, आबा," शकील म्हणाला. "रिक्षा चालवता येते मला. पोरं नाही सांभाळता येत. तुम्ही मागं बसा, नाहीतर ही घ्या किल्ली."

आबांनी खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर घातली.

आता एक सांगते. शकील असा वेंधळा माणूस नाही. स्टेशनवर पहाटेच्या गर्दीत तो परगावच्या म्हाताऱ्यांना हाताला धरून घरी पोचवतो. त्या दिवशी ते सगळं त्यानं मुद्दाम केलं का, असं मी त्याला कितीदा तरी विचारलं. त्यानं दर वेळी चहा मागवला.

दुसऱ्या दिवसापासून आबा मागं पोरांमध्ये बसायला लागले. फाटकाशी पुन्हा तो आवाज, घरासमोर पुन्हा दार उघडेपर्यंत थांबणं. फरक इतकाच की आता त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. कुणाच्या बुटाची नाडी बांधायची, कुणाचा डबा शोधायचा, मांडीवर झोपलेल्याला उठवायचं. आबांना तर ही नोकरी जास्तच मानवली.

पण शकीलवर सगळा भार नको, असं मला वाटत होतं. मी आबांना म्हटलं, मला रिक्षा शिकवा. ते हसले नाहीत, हे मी अजून विसरले नाही. फक्त विचारलं, "सासूबाईला इचारलं का?"

सासूबाईंनी खाकी सदरा शिवून दिला. खिशावर, मला न सांगता, एक गुलाबी फूल काढलं.

दुपारच्या मोकळ्या वेळी आम्ही मैदानात जायचो. ज्यांना धड दिसत नाही असे गुरुजी आणि जिला गिअर कळत नाही अशी शिष्या. आबा इंजिनाच्या आवाजावरून माझ्या चुका ओळखायचे. डाव्या हातातला क्लच मी झटक्यानं सोडायचे, रिक्षा बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. ते मागून सांगायचे, "हळू सोड, बाय. कोकरू खाली ठेवतो तसा." बघायला जमलेली पोरं टाळ्या वाजवायची, रिक्षा चालली तरी आणि बंद पडली तरी. परवाना आणि बिल्ला हातात आला त्या दिवशी आईनं गिरणी बंद ठेवून गल्लीला जिलेबी वाटली.

मी पहिल्यांदा पोरं घेऊन निघाले तेव्हा क्रांती चौकातल्या सिग्नलला सगळे रिक्षावाले माझ्याकडं बघत होते.  मागून आबांनी मान बाहेर काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिच्याकडं काय बघता? सिग्नल बघा, सुटलाय." खरंच सुटला होता. त्यांना दिसला कसा, कोण जाणे. माझ्या मुलीनं चुगली केली, की तो तिनंच त्यांच्या कानात सांगितला होता.

पुढं वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा, आबांच्याच रिक्षात वाढलेला एक जण आमच्यात आला. मग आणखी काही. चालवणारे जास्त आणि दिवस कमी, अशी वेळ आली. पाळीवरून मोठी माणसं भांडायला लागली. दिवाळीत पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी हट्ट धरला की एक फेरी मी चालवणार. आबांनी त्यांना लहानपणी दिला असता तसाच दम दिला, "बिल्ला हाय का? नाय ना? मंग मागं बस." त्या बसल्या, पोरांमध्ये दाटीवाटीनं, आणि घर येईपर्यंत हसत होत्या.

आबांच्या डोळ्याचे थेंब हे पोरांचं काम होतं. शाळा सुटल्यावर, रिक्षा हलायच्या आधी, एक जण त्यांची हनुवटी वर करायचा, दुसरी बोटानं पापणी ओढायची, तिसरा थेंब सोडायचा, आणि बाकीचे श्वास रोखून बघायचे. आबा मुकाट्यानं तोंड वर करून बसायचे. येणारे-जाणारे थांबून बघायचे.

एका संध्याकाळी गिरणीवर आई आणि ते दोघंच होते. मी आत चाळणी झटकत होते. आबा आईला म्हणाले, "वहिनी, म्या येडा नाय. समदं कळतं मला. पण देणारे हसत देत्यात, मंग घेणाऱ्यानं तोंड कशापायी पाडावं?"  आईनं त्यांच्या डब्यात पीठ भरलं आणि वर आणखी एक ओंजळ टाकली.

मग त्यांची नात शिकून तयार झाली. दवाखान्यात नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ती गिरणीवर आली. मुलगी अगदी आजोबांसारखी, कमी बोलणारी. एवढंच म्हणाली, "आता आबांना बसवून खाऊ घालायचं. तुम्ही त्यांना सांगा, माझं ऐकत नाहीत." आम्हीही सांगून बघितलं, आमचंही ऐकेनात. शेवटी तिनं स्वतःच त्यांना कसं पटवलं, ते ठाऊक नाही. शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी आबांनी रिक्षा धुतली, पोरांसकट शकीलच्या हवाली केली आणि खुलताबादजवळ भावाच्या शेतावर राहायला गेले.

त्या थंडीत त्यांचा निरोप आला, हुरडा आलाय, समद्यांना घेऊन या. आम्ही पोरं रिक्षात कोंबली, उरलेले एसटीनं गेले. घाट चढताना रिक्षा इतकी रडली की मोठ्यांना उतरून चालावं लागलं. शेतात आगटी पेटली होती. आबा कणसं भाजत होते, तळहातावर चोळून गरम हुरडा प्रत्येकाच्या हातात देत होते. जुनी पोरं, नवी पोरं, पोरांची पोरं. मला आणि शकीलला त्यांनी ओळखून एकाच ताटात दिलं, आणि आम्ही लगेच शेंगदाण्याच्या चटणीवरून भांडलो.

ऊन उतरलं. निघायच्या वेळी आबा दिसेनात. बाभळीखाली बाजेवर ते झोपलेले सापडले. एवढ्या वर्षांत दिवसाउजेडी झोपलेले आबा आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. तोंड किंचित उघडं होतं, एक हात बाजेखाली लोंबत होता, मिशीवर हुरड्याचा एक दाणा श्वासाबरोबर हलत होता. पोरं आपणहून गप्प झाली. माझ्या मुलीनं ओठांवर बोट ठेवलं.

शकीलनं किल्ली खिशातच ठेवली. तो रिक्षाला पुढून ओढायला लागला, आम्ही सगळे मागून लागलो. पोरं, मी, सासूबाई, पुण्याच्या डॉक्टरीणबाई. कुणाची चप्पल ढेकळात अडकली, कुणाला हसू आवरेना, तोंड दाबून आम्ही ती रिक्षा ढकलत राहिलो. आणि थेट डांबरी सडकेवर पोचल्यावरच शकीलनं इंजिन सुरू केलं.